दोन गाड्या, एक आलेखकागद

वाचकांचे प्रश्न : भौतिकशास्त्र

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकाच प्रकारची अडचण आहे : त्वरणाने जाणाऱ्या दोन वाहनांचे आलेख एकत्र काढायचे आणि त्यांवरून उत्तर वाचायचे. खालच्या सर्व उदाहरणांत रस्ता सरळ आहे, दोन्ही वाहने एकाच दिशेने जातात आणि वेगळे सांगितले नसेल तर त्वरण स्थिर आहे.

सिग्नलला उभी असलेली कार दिवा हिरवा होताच २ मी/से² त्वरणाने निघते. त्याच क्षणी शेजारच्या मार्गिकेतून एक बस ८ मी/से वेगाने तिला ओलांडून जाते. बसचे त्वरण ०.४ मी/से². मी दोघांचे वेग-काळ आलेख काढले. रेषा ५ सेकंदांपाशी छेदतात, म्हणून कार बसला ५ सेकंदांनी गाठते असे लिहिले. पुस्तकात उत्तर १० सेकंद आहे. चूक कुठे झाली?
— अकरावीतील विद्यार्थिनी, सांगली

५ सेकंद हा आकडा बरोबर आहे, पण ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. तुमच्या आलेखाच्या उभ्या अक्षावर वेग आहे. तिथे रेषा छेदल्या म्हणजे वेग सारखे झाले, दोघांचाही १० मी/से, एवढेच. गाड्या रस्त्यावर कुठे पोचल्या हे त्या बिंदूवरून कळत नाही. ते कळते रेषेखालच्या क्षेत्रफळावरून. पहिल्या ५ सेकंदांत कारच्या रेषेखाली त्रिकोण आहे : ½ × ५ × १० = २५ मीटर. बसच्या रेषेखाली समलंब चौकोन आहे : (८ + १०) ÷ २ × ५ = ४५ मीटर. म्हणजे वेग जुळले त्या क्षणी कार २० मीटर मागे आहे. गंमत अशी, की सुरुवातीपासून बसला गाठेपर्यंत ती याहून जास्त मागे कधीच नसते. ५ सेकंदांपर्यंत बस जास्त वेगात होती, म्हणून मधले अंतर वाढत गेले. त्यानंतर कार जास्त वेगात आली आणि ते घटू लागले. ज्या बिंदूला तुम्ही भेट समजलात, तिथे दुरावा सर्वांत जास्त आहे.

भेटीचा क्षण याच आलेखावर सापडतो. छेदनबिंदूच्या डावीकडे दोन रेषांच्या मध्ये एक त्रिकोण आहे. त्याची उभी बाजू ८, आडवी उंची ५, क्षेत्रफळ २०. उजवीकडे तसाच दुसरा त्रिकोण उघडत जातो. त्याचे क्षेत्रफळ २० झाले की कारने सगळी पिछाडी भरून काढलेली असते. रेषा सरळ असल्याने दोन त्रिकोण एकरूप होतात आणि काळ नेमका दुप्पट येतो, १० सेकंद. ‘वेग जुळण्याच्या दुप्पट काळ’ हे सूत्र म्हणून पाठ मात्र करू नका. दोन्ही वाहने घड्याळ सुरू होताना एकाच ठिकाणी असतील आणि दोघांची त्वरणे बदलत नसतील तरच ते चालते. बस सुरुवातीलाच १५ मीटर पुढे असती तर वेग तेव्हाही ५ सेकंदांनीच जुळले असते, पण कारने तिला गाठायला सुमारे ११.६ सेकंद लागले असते.

पडताळा म्हणून स्थान-काळ आलेखही काढा. बसचे स्थान = ८ × काळ + ०.२ × काळ², आणि कारचे स्थान = काळ².

काळ (से) : ० | २ | ४ | ५ | ६ | ८ | १० | १२
बस (मी) : ० | १६.८ | ३५.२ | ४५ | ५५.२ | ७६.८ | १०० | १२४.८
कार (मी) : ० | ४ | १६ | २५ | ३६ | ६४ | १०० | १४४

आडव्या अक्षावर १ सेमी = १ सेकंद आणि उभ्या अक्षावर १ सेमी = १० मीटर हे प्रमाण नेहमीच्या आलेखकागदाला बसते. इथे दोन चुका हमखास होतात. बसचा वक्र जवळजवळ सरळ दिसतो, म्हणून विद्यार्थी उगमबिंदू आणि १०० मीटरचा बिंदू पट्टीने जोडून मोकळे होतात. मग ५ सेकंदांना ४५ऐवजी ५० मीटर वाचले जाते. कागदावर हा फरक अर्धा सेंटिमीटर आहे, तपासणाऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही. दुसरी चूक कारच्या सुरुवातीची. कार स्थिर अवस्थेतून निघते, त्यामुळे तिचा वक्र उगमबिंदूपाशी काळाच्या अक्षाला चिकटून निघाला पाहिजे. तो तिथूनच तिरपा वर गेला, तर कारला सुरुवातीलाच वेग होता असा त्याचा अर्थ होतो.

छेदनबिंदू अचूक हवा असेल तर आणखी एक आलेख काढा : मधले अंतर विरुद्ध काळ. बसच्या स्थानातून कारचे स्थान वजा केले की ०, १२.८, १९.२, २०, १९.२, १२.८, ० असे आकडे मिळतात. १ सेमी = २ मीटर प्रमाणाने ते मांडले की एक उलटा अन्वस्त (पॅराबोला) दिसतो. त्याचे शिखर ५ सेकंदांवर असते आणि तो १० सेकंदांवर अक्षाला टेकतो. दोन तिरपे वक्र नेमके कुठे छेदतात ते ठरवण्यापेक्षा एक वक्र अक्षाला कुठे छेदतो हे वाचणे केव्हाही सोपे.

माझ्या वर्गात उलटी गडबड होते. स्थान-काळ आलेख जिथे छेदतात तिथे दोन्ही गाड्यांचा वेग सारखा असतो असे मुले ठामपणे सांगतात. यावर उपाय काय?
— शिक्षक, नाशिक जिल्हा

ही गडबड तुमच्याच वर्गातली नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड ट्रोब्रिज आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना शेजारशेजारच्या मार्गांवरून जाणारे दोन चेंडू दाखवले होते. एकाचा वेग कायम, दुसरा जास्त वेगाने निघून मंदावणारा. दोघांचा वेग कधी सारखा होतो, असे विचारल्यावर अनेकांनी चेंडू एकमेकांच्या बरोबरीला आल्याचे क्षण दाखवले. समोर प्रत्यक्ष चेंडू असताना हे घडले, तिथे कोऱ्या कागदावरच्या वक्रांची काय कथा!

वेग म्हणजे वक्राचा चढ, हे वाक्य मुलांना पाठ असते. चढ मोजायचा कसा, हे हाताला माहीत नसते. डोळ्यांच्या अंदाजाने स्पर्शिका काढायला लावली की प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. त्याऐवजी त्वरण स्थिर असल्याचा फायदा घ्या. अशा गतीत एखाद्या क्षणाच्या दोन्ही बाजूंना सारखेच सेकंद सोडून दोन बिंदू घेतले आणि ते पट्टीने जोडले, तर त्या जीवेचा चढ हाच मधल्या क्षणाचा वेग असतो. हे अंदाजे नाही, तंतोतंत खरे आहे. वरच्या तक्त्यात १० सेकंदांसाठी ८ आणि १२ सेकंदांचे बिंदू घ्या. कार : (१४४ − ६४) ÷ ४ = २० मी/से. बस : (१२४.८ − ७६.८) ÷ ४ = १२ मी/से. वक्र छेदतात त्याच ठिकाणी वेगांत ८ मी/से फरक आहे. कार बसला ओलांडून पुढे जाते ती त्यामुळेच. वेग सारखे असते तर ती मागून येऊन पुढे गेलीच नसती.

मग वेग सारखे कुठे आहेत, ते मुलांनाच शोधू द्या. ४ आणि ६ सेकंदांचे बिंदू जोडले की दोन्ही जीवांचा चढ १० येतो आणि दोन्ही रेषा समांतर दिसतात. दोन सेट-स्क्वेअर घेऊन एकावरून दुसरा सरकवला की समांतरपणा तपासता येतो. आकडेमोडीआधी हे करून घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. सूत्रात किंमती घालून उत्तर काढलेल्या विद्यार्थ्याला परत आलेखाकडे वळवणे फार अवघड जाते.

मोटारसायकल १ मी/से² त्वरणाने निघाली. ३ सेकंदांनंतर त्याच ठिकाणाहून कार २.२५ मी/से² त्वरणाने निघाली. स्प्रेडशीटमध्ये आलेख काढला तर वक्र दोनदा छेदतात : १.८ सेकंदांना आणि ९ सेकंदांना. कार निघण्याआधीच भेट कशी होईल?
— पदविका अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सोलापूर

होत नाही. कारसाठी तुम्ही ½ × २.२५ × (काळ − ३)² हे सूत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत भरले आहे. पहिल्या ३ सेकंदांत कंसातली किंमत ऋण असते, पण वर्ग केला की ती धन होते. त्यामुळे स्प्रेडशीट अन्वस्ताची डावी बाजूही काढते आणि कार जणू वरून खाली येत उगमस्थानी थांबते आणि मग निघते. १.८ सेकंदांचा छेद त्या खोट्या बाजूवरचा आहे. अट घालून सूत्र लिहा : काळ ३पेक्षा कमी असेल तर स्थान शून्य, नाहीतर वरचे सूत्र. कारचा आलेख मग ३ सेकंदांपर्यंत अक्षावर सपाट राहील. ९ सेकंदांचे उत्तर खरे आहे. तेव्हा दोघेही ४०.५ मीटरवर असतात.

याच उदाहरणात वेग ५.४ सेकंदांना जुळतात आणि मधले अंतर तेव्हा सर्वांत जास्त, ८.१ मीटर असते. ५.४ची दुप्पट ९ होत नाही याकडे लक्ष द्या. कारण कार निघाली तेव्हा मोटारसायकल ४.५ मीटर पुढे गेलेली होती.

आणखी एक तांत्रिक बाब. स्प्रेडशीटमध्ये ‘लाइन’ नव्हे, तर ‘स्कॅटर’ प्रकारचा आलेख निवडा. लाइन प्रकारात आडव्या अक्षावरच्या किंमती नुसत्या नावांसारख्या समान अंतरावर मांडल्या जाऊ शकतात. तुमच्या तक्त्यात ४, ५, ६ नंतर एकदम ८ आले असेल, तर वक्राला तिथे भलताच कोन येतो.

पुढे एसटी ८ मी/से वेगाने जात आहे आणि तिचे त्वरण ०.५ मी/से² आहे. १० मीटर मागून २० मी/से वेगाने येणारा कारचालक ब्रेक दाबतो. कारचे त्वरण −३.५ मी/से². वर्गसमीकरणातून १ सेकंद आणि ५ सेकंद अशी दोन उत्तरे येतात. दोन्ही धन आहेत. कोणते खरे?
— प्रथम वर्ष विज्ञान, छत्रपती संभाजीनगर

दोन्ही वाहने एकाच मार्गिकेत असतील तर फक्त १ सेकंद. तेव्हा कारचा वेग १६.५ आणि एसटीचा ८.५ मी/से असतो, म्हणजे ८ मी/से सापेक्ष वेगाने टक्कर होते. टकरीनंतर दोघांचीही गती बदलते, त्यामुळे पुढचे समीकरण लागूच राहत नाही. मार्गिका वेगळ्या असतील तर दोन्ही उत्तरे खरी : १ सेकंदाला कार एसटीला ओलांडते, ५ सेकंदांना एसटी कारला. ऋण उत्तर टाकून द्यायचे आणि धन ठेवायचे एवढ्याच नियमावर चालणारे विद्यार्थी इथे अडतात.

हे उदाहरण ट्रेसिंग पेपरवर सोडवण्यासारखे आहे. कारचा वक्र आलेखकागदावर काढा. एसटीचा वक्र त्याच प्रमाणात ट्रेसिंग पेपरवर, अक्षांसह काढा. आता ट्रेसिंग पेपर उभ्या अक्षाला समांतर ठेवून वर सरकवत जा; सरकवणे म्हणजे सुरुवातीचे अंतर वाढवणे. १० मीटरवर वक्र दोनदा छेदतात. १५वर छेद एकमेकांजवळ येतात. बरोबर १८ मीटरवर वक्र एकमेकांना ३ सेकंदांपाशी नुसते स्पर्श करतात आणि तिथे दोघांचा चढ एकच असतो, ९.५ मी/से. त्याहून वर सरकवले की वक्र भेटत नाहीत. १८ हा आकडा वेग-काळ आलेखावर थेट दिसतो. वेगांतला सुरुवातीचा फरक १२, तो मिटायला लागणारा काळ ३ सेकंद, मधल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ½ × १२ × ३ = १८.

म्हणजे १८ मीटरहून थोडे जास्त अंतर ठेवले की कार वाचली? कागदावर हो. रस्त्यावर चालकाचा पाय ब्रेकवर जाऊन ब्रेक लागेपर्यंतचा काळही धरावा लागतो. तो १ सेकंद धरला तर कारची वेगरेषा आधी १ सेकंद सपाट राहते आणि मग उतरते. दोन रेषांमधल्या क्षेत्रफळात त्या सेकंदाचे ११.७५ मीटर येतात, आणि उरलेला त्रिकोण ½ × ११.५ × २.८७५, म्हणजे सुमारे १६.५ मीटरचा. एकूण २८.३ मीटर. एका सेकंदाने लागणारे अंतर दीडपटीहून जास्त झाले. परीक्षेच्या प्रश्नात हा सेकंद दिलेला नसला तर तो मनाने घालू नका. दिलेला असला तर मात्र सपाट तुकडा विसरू नका.

अन्वस्त कुठे थांबवायचा हेही पाहा. कार ५.७ सेकंदांनी, ५७.१ मीटरवर थांबते. सूत्र तसेच पुढे चालवले तर वक्र खाली वळतो, म्हणजे कार मागे येऊ लागते. ब्रेक गाडी थांबवतात, उलटी चालवत नाहीत. ५.७ सेकंदांनंतर कारचा स्थान-आलेख आडवा सरळ काढायचा.

जाहिरातीत कार ‘० ते १०० किमी/तास, १२ सेकंदांत’ असे म्हटले होते. त्वरण ८.३३ घेतले तर १२ सेकंदांतले अंतर ६०० मीटर येते. खरे वाटत नाही.
— वाचक, पनवेल

एककांची सरमिसळ झाली आहे. ८.३३ हे दर सेकंदाला किमी/तास आहेत, मी/से² नव्हेत. ५/१८ने गुणा : १०० किमी/तास म्हणजे २७.८ मी/से आणि सरासरी त्वरण २.३ मी/से². अंतर सुमारे १६७ मीटर.

पण ‘सरासरी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. खऱ्या कारचा वेग-काळ आलेख सरळ रेषा नसतो. इंजिनाची शक्ती मर्यादित असते, आणि तेवढ्याच शक्तीतून मिळणारे बल वेग वाढत जाईल तसे घटते. शिवाय हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून आलेख सुरुवातीला चढा आणि पुढे निवळत गेलेला असतो, आणि गिअर बदलताना त्यात छोटे सपाट टप्पे येतात. असा वक्र दोन टोके जोडणाऱ्या सरळ रेषेच्या वर फुगलेला राहतो. क्षेत्रफळ वाढते, म्हणून प्रत्यक्ष अंतर १६७ मीटरपेक्षा जास्तच भरते.

त्वरण-काळ आलेख छेदले तर काय समजायचे?
— अनेक पत्रे

त्या क्षणी त्वरणे सारखी आहेत, इतकेच. वेगांतला फरक तेव्हा टोकाला असतो. तो सर्वांत जास्त की सर्वांत कमी, हे रेषा कुठून कुठे जातात त्यावर ठरते. दोन स्थिर त्वरणांच्या उदाहरणात हा आलेख म्हणजे दोन आडव्या रेषा, त्या छेदणारच नाहीत.

शाळेत सेन्सर नाहीत. दोन त्वरणयुक्त वाहनांची शर्यत प्रत्यक्ष घडवून आलेख काढता येईल का?
— माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिका, रत्नागिरी

येईल, आणि खेळण्यातल्या गाड्यांपेक्षा काचेच्या गोट्यांनी जास्त चांगले येईल. स्वस्त गाड्यांच्या आसांत घर्षण इतके आणि असे बदलते असते, की एकच गाडी तीनदा सोडली तर तीन काळ मिळतात.

२ मीटर लांबीच्या दोन सपाट फळ्या घ्या. एकीचे टोक १० सेमी उचला, दुसरीचे २० सेमी. न घसरता गडगडणाऱ्या भरीव गोटीचे त्वरण उताराच्या दिशेने असलेल्या गुरुत्वीय त्वरणाच्या ५/७ असते : पहिल्या फळीवर ०.३५ मी/से², दुसरीवर ०.७० मी/से². पूर्ण फळी पार करायला पहिलीला ३.३८ सेकंद लागतात, दुसरीला २.३९. म्हणून दुसरी गोटी १ सेकंद उशिरा सोडली की दोघी तळाशी जवळजवळ एकदमच पोचतात. सोलापूरच्या पत्रातलाच हा प्रश्न आहे, फक्त आता तो फळीवर आहे. गोटी बोटाने सोडू नका, नकळत धक्का बसतो. पट्टी आडवी धरून ती उताराच्या दिशेने झटकन पुढे उचला.

गोटी बाजूला भरकटत असेल तर वायरिंगची केसिंग पट्टी फळीवर चिकटवा. मात्र मग गोटी तळाऐवजी पट्टीच्या दोन कडांवर टेकून गडगडते आणि त्वरण वरच्या आकड्यांपेक्षा कमी येते. दोन्हीकडे सारख्याच मापाच्या गोट्या आणि एकाच प्रकारची पट्टी असेल तर दोन काळांचे गुणोत्तर तेच, सुमारे १.४१ राहते, उशीर मात्र नव्याने मोजून ठरवावा लागतो.

मोबाइल तिकाटण्यावर, फळ्यांना काटकोनात आणि जमेल तितका लांब ठेवून चित्रण करा. जवळून घेतले तर कडेची अंतरे वाकडी दिसतात. मोजमापाची मीटरपट्टी गोटीच्या मार्गालगतच ठेवा. ती मागच्या भिंतीवर टेकवली तर सगळी अंतरे चुकतात. ‘ट्रॅकर’ हे मोफत सॉफ्टवेअर चित्रफितीतल्या चौकटींवर (फ्रेम) गोटीची जागा नोंदवते. ३० चौकटी प्रतिसेकंद असतील तर दर तिसरी चौकट घ्या, म्हणजे ०.१ सेकंदाचे अंतर मिळते. काही मोबाइल कमी प्रकाशात चौकटींचा वेग आपोआप बदलतात, म्हणून भरपूर उजेड ठेवा आणि चित्रात एक चालू स्टॉपवॉच दिसेल असे पाहा.

आता सर्वांत जास्त बिघडणारी जागा. स्थानाच्या नोंदीत २ मिमीची चूक गृहीत धरा. लागोपाठच्या दोन नोंदींतून वेग काढला तर त्यात सुमारे २८ मिमी/से चूक येते, ती चालून जाते. पण त्या वेगांची पुन्हा वजाबाकी करून त्वरण काढले तर चूक ४९० मिमी/से² होते, आणि मोजायचे त्वरणच ३५० आहे! मुलांचे त्वरण-काळ आलेख करवतीसारखे दिसतात ते यामुळे, त्यांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. दुसरी वजाबाकी करूच नका. वेग-काळ बिंदूंमधून पट्टीने सर्वांत जुळणारी एक सरळ रेषा काढा आणि तिचा चढ घ्या. किंवा स्थान विरुद्ध काळाचा वर्ग असा आलेख काढा : स्थिर अवस्थेतून निघालेल्या गोटीसाठी ती सरळ रेषा येते आणि तिच्या चढाची दुप्पट म्हणजे त्वरण. उशिरा सोडलेल्या गोटीसाठी काळ ती सुटल्यापासून मोजायचा, नाहीतर रेषा वाकते. आणि रेषा उगमबिंदूतून जात नसेल तर बहुधा गोटी सुटल्याची चौकट एक-दोन चौकटी पुढेमागे धरली गेली आहे. चित्रफीत तिथेच पुन्हा तपासा.